वापरलं तर आपलं

चैत्र लागला की वारज्यातल्या घराघरांत एक यादी तयार होते. कुठे ती फ्रिजच्या दारावर अडकवलेली असते, कुठे फॅमिली ग्रुपवर पिन केलेली. लेकीचं समर कॅम्प, एक मोठी कॉन्सर्ट, एक रिसॉर्ट, महाबळेश्वर जमलं तर, बाल्कनीचा मेकओव्हर, हॉलच्या एका भिंतीला गडद रंग. सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'कूलर दुरुस्ती'. आमच्याही घरी अशी यादी झाली. दोघांची नोकरी, सहा वर्षांची लेक आणि उन्हाळ्यापुरती गावाहून आलेली आजी. माणसं चार आणि यादीत कलमं चौदा!

एप्रिलच्या पहिल्या तीन रविवारांत त्यातली पाच कलमं आम्ही उरकली. हो, उरकलीच. त्यातला एक रविवार तर असा गेला : बायपासवर दीड तास, तिकिटासाठी रांग, आत गर्दी, आजीला टेकायला जागा नाही, खाण्याचं बिल बघून दोघांचे चेहरे पडलेले आणि तरीही फोटोत सगळे हसतमुख. रात्री झोपताना लेकीला विचारलं, "आज सगळ्यात जास्त काय आवडलं गं?" ती क्षणभर विचार करून म्हणाली, "ट्रॅफिकमध्ये आपण ट्रक मोजले ना, ते. सत्तेचाळीस झाले होते."

ट्रक तर घराच्या खिडकीतूनही दिसतात. वारज्यातल्या मुलांना महामार्ग काही नवा नाही. मग तिला आवडलं ते काय? तर त्या अर्ध्या तासात आम्हा तिघांपैकी कुणाच्याही हातात फोन नव्हता आणि पुढचं काही गाठायचंही नव्हतं. आख्ख्या दिवसात पैसे न मोजता मिळालेली तेवढीच एक गोष्ट होती.

हे सांगायचं कारण असं, की तरुण घरांचा उन्हाळा हळूहळू खरेदीची गोष्ट होत चाललाय. सहल विकत, गाणं विकत, मुलांचा वेळ घालवणं विकत आणि घर सजवायचं तर तेही ऑनलाइन मागवून. विकत घेण्यात पाप काही नाही. दोघं राबतो, चार पैसे मौजेवर घालवायचा हक्क आहेच. पण विकत घेतलेल्या गोष्टीशी आपलं नातं तिकिटाच्या वेळेपुरतंच राहतं. जी गोष्ट आपण वापरतो आणि बिघडली की डागडुजी करतो, ती मात्र आपली होते. हे घराच्या भिंतीला लागू आहे, टेकडीला लागू आहे आणि गाण्याच्या मैफलीलाही. यंदाच्या उन्हाळ्यात तरुण घरांनी एवढी एक गोष्ट करून बघावी, असं आमचं म्हणणं आहे : यादीतली निम्मी कलमं खोडा आणि त्या जागी आपल्या आसपासचं, सगळ्यांच्या मालकीचं असलेलं काहीतरी वापरायला घ्या.

सुरुवात टेकडीपासून करू. वारज्यात राहून वारज्याचं जंगल न पाहिलेली मंडळी बरीच भेटतात. वन विभागाच्या चाळीसेक एकर जमिनीवरचं हे स्मृतिवन. एकेकाळी उघडाबोडका असलेला हा डोंगर २०१५ पासून लोकांच्या सहभागातून हिरवा होत गेला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ५ जून २०२० रोजी, म्हणजे पर्यावरण दिनी, देशभरात २०० नगरवनं उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून हेच जंगल दाखवलं होतं. तेव्हाच्या माहितीनुसार इथे ६५ हजारांहून जास्त झाडं, पाच तळी, वनस्पतींच्या २३, पक्ष्यांच्या २९ आणि फुलपाखरांच्या १५ प्रजाती होत्या. देशाला दाखवलेला नमुना आपल्या दाराशी आहे आणि आपण मात्र हिरवळ बघायला टोल भरून दोन तास लांब जातो. आहे की नाही गंमत?

एप्रिल-मेमध्ये टेकडी म्हणजे शिक्षा, असं वाटू शकतं. भर दुपारी गेलात तर ती शिक्षाच आहे. २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता. पुणं थंड हवेचं गाव आहे, या भ्रमात आता कुणी राहू नये. पण या गावाच्या उन्हाळ्यात अजूनही दोन चांगल्या वेळा शिल्लक आहेत. पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर. आधीच्या पिढीचा सगळा उन्हाळा या दोन वेळांत घडायचा आणि मधली दुपार पडदे ओढून, पन्हं पिऊन, पत्त्यांत जायची. आपण हे वेळापत्रक उलटं केलंय. सकाळी दहापर्यंत लोळायचं, बाराला बाहेर पडायचं आणि मग ऊन फार झालं म्हणून एसी शोधत मॉल गाठायचा.

जाताना हातात एक जास्तीची बाटली असू द्या. पुण्यातल्या अनेक टेकड्यांवर फिरायला येणारी माणसं उन्हाळ्यात घरून पाणी नेऊन रोपांना घालतात. पावसाळ्यात झाड लावण्याच्या कार्यक्रमाला फोटोग्राफर असतात, एप्रिलमध्ये त्याच झाडाजवळ कुणी नसतं. रोप जगतं की मरतं हे मात्र एप्रिलच ठरवतो. सहा वर्षांच्या मुलीला एक झाड वाटून द्या, तिला त्याचं नाव ठेवू द्या. दुसऱ्या रविवारी 'टेकडीवर जायचंय का' असं विचारावं लागणार नाही, तीच तुम्हाला उठवेल. शिवाय कोरडं गवत आणि विझवायची राहिलेली एक काडी एवढ्यावर वणवा पेटतो, हे तिला आयुष्यभर लक्षात राहील. टेकडीवर जाण्याआधी फाटकाच्या वेळा आणि पाणी घालण्याची परवानगी मात्र तिथे विचारून घ्या.

टेकडीपलीकडे जायचं तरी गाडी काढलीच पाहिजे असं नाही. वारज्यातून रिक्षाने वनाज गाठलं की मेट्रो आहे. ६ मार्च २०२२ ला ती वनाज ते गरवारे कॉलेज एवढीच धावायची, २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत जाता येतं. मध्ये जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलायची. लहान मुलांसाठी ही बदली, ते लांबलचक सरकते जिने आणि जमिनीखाली जाणं, हीच अर्धी सहल असते. स्वारगेटहून सारसबाग आणि पेशवे उद्यान जवळच. १९५६ मध्ये सुरू झालेल्या फुलराणीत आजी-आजोबा बसले, आई-बाबा बसले. आता नातीचा नंबर! कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यालगत जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं. तिथे गेलेला मुलगा घरी येऊन जुन्या खोक्यांचे बोगदे करतो आणि दोन दिवस टॅब मागत नाही. स्वानुभव आहे.

आणि सिंहगड? तो तर यादीत असायलाच हवा. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात विश्रांतीला गडावर जाऊन राहायचे, त्यांचा बंगला आजही तिथे आहे. फक्त रविवारी सकाळी दहा वाजता गाडी घेऊन निघू नका. नाहीतर घाटातच ट्रक मोजावे लागतील. मधल्या वारी एक दिवस रजा टाका, पहाटे निघा, झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन ऊन चढायच्या आत खाली. येताना खडकवासल्याला पाच मिनिटं थांबा आणि मुलांना सांगा, आपल्या नळाला येतं ते हे पाणी. धरणाची पातळी किती खाली गेलीय हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल दात घासताना नळ बंद करतं. आणि दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद असलं की चिडचिडही थोडी कमी करतं. मोठ्यांची कमी होईल की नाही, ते सांगता येत नाही.

आता गाण्याकडे येऊ. मोठ्या कॉन्सर्टला जाऊच नका, असं या पानाने म्हणणं म्हणजे ढोंग होईल. आवडता गायक शहरात आला की अंगावर काटा येतो तो येतोच. पण लहान मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कान. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली, तीही मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून. स्पीकरच्या भिंतीसमोर मुलांना खांद्यावर बसवणं म्हणजे लाड नव्हेत. लांब उभे राहा, आवाज अडवणारे हेडफोन त्यांच्या कानावर घाला. दुसरी गोष्ट अशी, की गाणं ऐकण्याची सवय वर्षातल्या एका कॉन्सर्टमधून लागत नाही.

सवय लागते ती वारंवार जाण्याने, आणि वारंवार जायचं तर खिशाला परवडायला हवं. पुण्याचं भाग्य असं, की इथे परवडणाऱ्या गोष्टींची परंपरा तिकिटांच्या परंपरेहून जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आजही ती दरवर्षी एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात होते. संध्याकाळी एक माणूस उभा राहून तासभर बोलतो आणि बाकीचे ऐकतात, एवढाच कार्यक्रम! दीडशे वर्षं. कुठला ब्रँड एवढा टिकलाय? पण सभागृहात नजर टाकली तर काळे केस मोजकेच दिसतात. आपण तासभराचे पॉडकास्ट दीडच्या वेगाने ऐकतो, मग प्रत्यक्ष बोलणारा माणूस का नको? त्याला तर शेवटी जाऊन प्रश्नही विचारता येतो. एक विषय निवडा, एक संध्याकाळ द्या. मुलं कंटाळली तर बाहेर भेळ आहेच.

मुलांसाठी हक्काचं म्हणजे बालनाट्य. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि मे महिना आणि बालनाट्य हे समीकरण मराठी घरांत पक्कं झालं. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वैभव मांगलेंच्या चेटकिणीने नव्या पिढीची मुलं पुन्हा किंचाळायला लावली. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह वारज्याहून फार लांब नाही. तिथे बालनाट्याला जाऊन बघा. अंधार झाला की आख्खं सभागृह एका श्वासात गप्प होतं. मोबाइलच्या पडद्यासमोर मूल एकटं हसतं, तिथे ते सहाशे मुलांबरोबर हसतं. प्रेक्षक असणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती प्रेक्षागृहातच शिकता येते. आपण गेलो नाही तर प्रयोग कमी होतात, प्रयोग कमी झाले की नाटकवाले दुसरीकडे वळतात, आणि मग 'आपल्याकडे काही होतच नाही' म्हणायला आपण मोकळे.

राहिला घराचा प्रोजेक्ट. इथे डागडुजी हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. आमच्या यादीत 'भिंतीला गडद रंग' होता. आजीने विचारलं, "भिंत कशाला? तापतंय तर छत." आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, गच्ची थेट डोक्यावर. मग सोसायटीला विचारून गच्चीला पांढरा चुना मारायचं ठरलं. पांढरं छत ऊन परतवतं, घर कमी तापतं. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, त्यात पुढे अशा पांढऱ्या छतांचाही समावेश झाला. कामाला एक शनिवार संध्याकाळ आणि रविवारची पहाट लागली. ओला चुना डोळ्यांना आणि कातडीला वाईट, म्हणून बादल्या आणि ब्रश मोठ्यांकडे, चष्मे आणि हातमोजे घालून. मुलांकडे झाडू, गच्ची झाडण्याची जबाबदारी आणि पाणी पुरवण्याचं खातं. शेजारचे दोन जण आधी बघायला आले, मग ब्रश घेऊन आले. एअर कंडिशनरचा हप्ता टळला असा दावा आम्ही करणार नाही, पण रात्री पंख्याखाली झोप लागायला लागली, एवढं नक्की.

दुसरा प्रोजेक्ट कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, पहाटे शिजवायचा आणि सोऱ्याने गच्चीवर घालायच्या. पाच दिवस चालणारं हे प्रयोगशाळेतलं काम आहे. मुलांना त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर गरम चीक दूध-साखर घालून खाणं आणि कावळे हाकलणं.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. उन्हाळ्याची ही सगळी मौज बहुतेक घरांत एकाच माणसाच्या जिवावर चालते. यादी कोण लिहितं? डबे कोण भरतं? टोपी, सनस्क्रीन, जास्तीचे कपडे, औषधाची पिशवी कुणाच्या डोक्यात असते? आईच्या, नाहीतर आजीच्या. बाबा 'मदत' करतो. मदत हा शब्द दुसऱ्याच्या कामासाठी वापरतात, स्वतःच्या नाही. कुरडया मस्त झाल्या म्हणून स्टेटस टाकणाऱ्याने पहाटे चार वाजता पातेलं ढवळलं होतं का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी विचारावा. आमच्या घरी तो विचारला गेला. उत्तर फार अभिमानाचं नव्हतं. दुसऱ्या घाण्याला ढवळायला घरातला पुरुष उठला. हात भरून आले, पण आईच्या खांद्याचं दुखणं कुठून येतं ते कळलं. यंदाच्या उन्हाळ्यात एवढंच शिकायला मिळालं असतं तरी चाललं असतं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. वेळ कुणाला आहे? घर वारज्यात, ऑफिस हिंजवडीला. त्यात मुलांच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. राज्य मंडळाच्या शाळेत निकाल १ मेच्या सुमारास, तर सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं. एकाच जिन्यातली दोन मुलं वेगवेगळ्या उन्हाळ्यात राहतात. शिवाय सार्वजनिक जागांची अवस्था काय विचारता! स्वच्छतागृह बंद, बाक मोडलेले, नळ कोरडा. म्हणूनच माणसं पैसे देऊन चांगल्या जागी जातात, त्यांचं चुकलं काय?

चुकलं काहीच नाही. पण याला दुसरी बाजू आहे. आमच्या जवळच्या एका बागेतला झोका तुटला होता. महिनाभर तसाच लोंबत होता. येणारी घरं एकेक करून कमी झाली, कुणी पैसे देऊन खेळायच्या जागी जायला लागलं, कुणी मुलांना घरीच ठेवलं. तक्रार एकट्यादुकट्याने केली, तिचं काही झालं नाही. मग एका संध्याकाळी बागेतच भेळेचा बेत ठरला. चौदा घरं जमली. तिथल्या तिथे अर्ज लिहिला, चौदा सह्या, झोक्याचा फोटो, तारीख. आणि झोका दुरुस्त होईपर्यंत दर शुक्रवारी भेळ त्याच जागी खायची, असं ठरलं. तिसऱ्या शुक्रवारी झोका लागला होता. अर्जाने लागला की भेळेने, देव जाणे. पण ज्या बागेत चौदा घरं दर आठवड्याला दिसतात, तिच्याकडे दुर्लक्ष करणं कुणालाही अवघड जातं. रिकामी बाग मात्र कुणाच्याच यादीत नसते.

वेळेचंही तसंच आहे. जास्तीचा वेळ कुणाकडेच नाही. इथे सांगितलेल्या गोष्टींना नवा वेळ लागतही नाही, लागते ती आधीच्या वेळेची अदलाबदल. रिसॉर्टच्या एका वीकेंडमध्ये चार पहाटे टेकडी, एक बालनाट्य आणि एक चुन्याची गच्ची बसते. आणि ज्यांना हेही जमणार नाही, त्यांनी निदान आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी ठेवावी. त्या संध्याकाळी यादीत काही नाही. ट्रक मोजा, तारे मोजा.

परवा आमच्या यादीवर लेकीने स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं. अनुस्वार चुकलेला होता, पण अक्षर ठळक : 'पिपंळाला पाणी'. टेकडीवरचं तिचं झाड. त्याच संध्याकाळी ढग भरून आले, सिंहगडाच्या बाजूने वारं सुटलं आणि वळीव कोसळला. गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला चौथा मजला, तिसरा मजला, सगळेच धावले. अर्ध्या भिजल्या. आजी हताश, आम्ही हताश. लेक मात्र भिजत नाचत होती. "आज पाणी न्यायला नको, त्याला आपोआप मिळालं!"

उद्या सकाळी साडेपाचला जाऊन बघायचंय, मिळालं का ते.